ताप उतरतो, रोग राहतो

वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या व्यवसायामुळे मराठवाड्यात परिचित आहे. दिवाळीपूर्वी माल भरणारा व्यापारी प्रत्येक फटाका पेटवून पाहत नाही. वेष्टनावरील रंग, चित्र आणि नाव पाहून तो माल ओळखतो. बाजारातील बहुतेक व्यवहार असेच वेष्टनाच्या भरवशावर चालतात. आतला माल तोच ठेवून वेष्टन बदलले, तर जाणकार माणूसही क्षणभर गोंधळतो. आणि दर आठवड्याला वेष्टन बदलणारा कोणी भेटला, तर त्याची ओळख ठेवणे कठीण होऊन बसते.

माणसाच्या आणि जनावराच्या शरीराची संरक्षणव्यवस्थाही पुष्कळशी याच रीतीने काम करते. बाहेरून शिरलेल्या सूक्ष्म जीवाच्या अंतरंगात काय आहे, हे तिला प्रथम दिसत नाही; दिसते ते त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनांचे आवरण. त्या आवरणाचा नमुना घेऊन शरीर त्याला नेमकी चिकटणारी प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. या कामास काही दिवस लागतात. परंतु प्रतिपिंडे एकदा पुरेशी तयार झाली, की त्या नमुन्याचा जीव रक्तात फार काळ टिकत नाही. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, याचे कारण हेच. गोवराचा विषाणू आपले आवरण फारसे बदलत नाही, म्हणून जुनी ओळख पुढेही उपयोगी पडते.

प्रश्न उभा राहतो तो आवरण बदलणाऱ्यांचा. एकपेशीय परजीवींमध्ये असे काही जीव आहेत, की ज्यांनी या बदलाचे शास्त्रच बनवले आहे. त्यांतील एकामुळे महाराष्ट्राचे नाव जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदले गेले. ती हकीकत सांगण्याचे प्रयोजन केवळ कुतूहल नव्हे. ताप उतरला की रोग गेला, असे मानून औषध आणि तपासणी दोन्ही थांबवण्याची सवय घरोघर आढळते; तिचे उत्तर या हकीकतीत आहे.

विदर्भातील एक रुग्ण

तेरखेड्याहून पूर्वेकडे, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला चंद्रपूर जिल्हा आहे. तेथील सिंदेवाही तालुक्यातील एका शेतकऱ्याला २००४ साली अशा तापाने गाठले, जो यायचा, उतरायचा आणि काही दिवसांनी पुन्हा यायचा. असे पाच महिने चालले. त्याच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा तांबड्या पेशींच्या बाहेर, शेपटीसारख्या तंतूच्या साह्याने वळवळणारे जीव दिसले. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत राहतो. हे जीव निराळे होते. विशेष म्हणजे त्यांची संख्याही तापाप्रमाणेच कधी वाढलेली तर कधी घटलेली आढळत होती.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी व त्यांचे सहकारी यांनी परदेशी तज्ज्ञांच्या मदतीने या जीवाची ओळख पटवली. तो होता ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, म्हणजे गुरे, म्हशी, घोडे आणि उंट यांना होणाऱ्या ‘सर्रा’ या रोगाचा परजीवी. माणसाला या परजीवीची बाधा झाल्याचा हा पहिला वृत्तांत म्हणून तो २००५ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील निद्रारोगावर पूर्वीपासून वापरले जाणारे सुरामिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने मिळवण्यात आले आणि रुग्ण बरा झाला.

सर्रा हा रोग भारतास नवा नाही. काही इंग्रजी शब्दकोशांनी या नावाचे मूळ मराठीत दाखवले आहे. जनावराच्या नाकातून येणाऱ्या जड श्वासाच्या आवाजाशी ते या नावाचा संबंध जोडतात. १८८० साली सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माईलखान येथे लष्करातील पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी आजारी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात हा जीव प्रथम पाहिला. पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले. हा जीव रक्त पिणाऱ्या गोमाश्यांच्या तोंडाला लागून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. माशी एका जनावराचे रक्त पिऊ लागते, जनावर शेपटी झटकते, माशी उठते आणि शेजारच्या जनावरावर बसून अर्धवट राहिलेले पोट भरते. तेवढ्या अवधीत बाधा होते.

वरचेवर येणारा ताप, घटणारे दूध, वाळत जाणारे अंग, रक्तक्षय, पायांवर किंवा पोटाखाली सूज आणि कधी गर्भपात, ही या रोगाची लक्षणे होत. घोडे व उंट यांच्यात तो बहुधा जीवघेणा ठरतो. गाई-म्हशींमध्ये तो पुष्कळदा महिनोन्‌महिने दबून राहतो आणि कष्ट, उपासमार किंवा दुसरा आजार यांच्या निमित्ताने उफाळतो. रोग दबतो, पण जात नाही. असे का व्हावे?

तरंगांचे कोडे

या प्रश्नाचे पहिले नीटस उत्तर मोजणीतून मिळाले, आणि मोजणी करणारा शास्त्रज्ञ या परिसराला अगदीच परका नव्हता. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानातील सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. पुढे इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे काम करत असताना, १९१० साली, रॉस आणि डेव्हिड थॉम्सन यांनी आफ्रिकेतून आलेल्या निद्रारोगाच्या एका रुग्णाचे रक्त रोज तपासले. एका ठरावीक मापाच्या रक्तात किती परजीवी आहेत, याची त्यांनी एखाद्या रोजमेळाप्रमाणे दररोज नोंद ठेवली. निद्रारोगाचा परजीवी हा सर्राच्या परजीवीचा अगदी जवळचा नातलग होय.

त्या नोंदींचा आलेख काढला, तेव्हा समुद्राच्या लाटांसारखे चित्र उमटले. परजीवींची संख्या चढत जाई, शिखर गाठी, एकदम कोसळे आणि साधारण आठवड्याच्या अंतराने पुन्हा चढू लागे. रुग्णाचा तापही याच लाटांबरोबर चढे-उतरे. उतार हा शरीराच्या विजयाचा पुरावा होता, कारण प्रतिपिंडांनी परजीवींचा फडशा पाडला होता. परंतु प्रत्येक विजयानंतर नवी लाट येत होती. याचा अर्थ, प्रत्येक वेळी थोडे परजीवी त्या संहारातून वाचत होते.

वाचलेले हे थोडे जीव कोठे दडून बसलेले नव्हते. ते रक्तातच, उघड्यावर फिरत होते. त्यांच्या अंगावरील आवरण मात्र दुसरे होते. जुन्या आवरणाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्यांना ओळखत नव्हती. शरीराने नव्या आवरणाचा नमुना घेऊन नवी प्रतिपिंडे तयार करेपर्यंत हे थोडे जीव वाढून पुन्हा लाखोंच्या संख्येत जात. मग तीही लाट कोसळे. तोवर तिसऱ्या आवरणाचे काही जीव तयार असत.

गोदाम आणि दर्शनी खिडकी

ट्रिपॅनोसोमाच्या एका पेशीवर एकाच जातीच्या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीवाटीने उभे असतात. शेतात उभ्या असलेल्या दाट पिकाप्रमाणे ते सारा पृष्ठभाग झाकून टाकतात. १९६९ साली कीथ विकरमन यांनी या दाट आवरणाचे वर्णन केले आणि १९७५ साली जॉर्ज क्रॉस यांनी ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. एका आवरणाचे प्रथिन दुसऱ्या आवरणाच्या प्रथिनाहून रचनेने भिन्न असते, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले.

प्रत्येक प्रथिनाची कृती पेशीतील जनुकात लिहिलेली असते. ट्रिपॅनोसोमाच्या जनुकसंग्रहाचे वाचन झाले तेव्हा संशोधक थक्क झाले. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या एका वाणामध्ये केवळ आवरणाच्या प्रथिनांसाठी दोन हजारांहून अधिक जनुके व जनुकांचे तुकडे आढळले. त्यांतील बहुतेक अपुरे आहेत. तरी तुकड्याला तुकडा जोडून त्यांतून नवे आवरण घडवता येते. इतका मोठा साठा केवळ वेष्टनांचा!

मात्र हा साठा गोदामात असतो. दर्शनी खिडकीत एका वेळी एकच वेष्टन मांडले जाते. गुणसूत्रांच्या टोकांजवळ सुमारे पंधरा ठरावीक जागा अशा आहेत, की आवरणाचे जनुक तेथे असेल तरच ते वाचले जाऊ शकते. आणि या पंधरांपैकीही एका वेळी एकच जागा चालू असते. उरलेल्या सर्व बंद असतात. कोणते जनुक वाचायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, या व्यवस्थेला जनुक नियमन म्हणतात. जनुके तीच राहतात. त्यांतील कोणते बोलणार, हे बदलते.

वेष्टन दोन मार्गांनी बदलते. एक, चालू असलेली जागा बंद होऊन दुसरी सुरू होते. दोन, गोदामातील एखाद्या जनुकाची प्रत काढून ती चालू जागेत जुन्याच्या ठिकाणी बसवली जाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा बदल प्रतिपिंडे दिसल्यावर केला जात नाही. परजीवीला शत्रूची चाहूल लागते आणि तो वेष बदलतो, असे चित्र मनात येते. ते खरे नाही. लाखो पेशींपैकी थोड्या पेशींमध्ये हा बदल आपोआप, कोणत्याही निमित्तावाचून घडत राहतो. प्रतिपिंडे येतात तेव्हा बदललेले थोडे वाचतात, न बदललेले मरतात. त्यात परजीवीची हुशारी शोधण्याचे कारण नाही.

या जीवाजवळ आणखी एक साधन आहे. थोडी प्रतिपिंडे अंगाला चिकटली, तर पोहताना निर्माण होणाऱ्या प्रवाहाने ती मागच्या बाजूला ढकलली जातात आणि तेथील एका खळग्यातून पेशीच्या आत ओढून नष्ट केली जातात. हे काम काही मिनिटांत होते. प्रतिपिंडे विपुल होईपर्यंत त्याला यामुळे थोडी सवड मिळते.

एकच का?

दोन हजार वेष्टने जवळ असताना एका वेळी एकच का वापरायचे? व्यापारी वाचकाला याचे उत्तर सहज उमजेल. सगळे भांडवल एकाच दिवशी बाजारात ओतले, तर दुसऱ्या दिवशी हाती काही उरत नाही. परजीवीने सर्व आवरणे एकदम दाखवली असती, तर शरीराने सर्वांचे नमुने एकदम घेतले असते, सर्वांविरुद्ध प्रतिपिंडे केली असती आणि रोग एका लाटेतच संपला असता. म्हणून या परजीवीचे बळ जनुकांच्या संख्येत जितके आहे, त्याहून अधिक ती मिटून ठेवण्याच्या शिस्तीत आहे. ही शिस्त मोडली तर तो दुबळा होतो. हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

महाराष्ट्राला अधिक परिचित असलेला मलेरियाही याच शिस्तीचा लाभ घेतो. गडचिरोलीच्या जंगल भागात आढळणारा फॅल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीच्या बाहेरच्या बाजूला आपले एक प्रथिन आणून बसवतो. या प्रथिनामुळे ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटते आणि प्लीहेत जाऊन नष्ट होण्याचे टळते. मेंदूतील रक्तवाहिन्यांमध्ये अशा पेशी अडकल्या, की मलेरिया प्राणघातक होतो. या प्रथिनासाठी परजीवीजवळ सुमारे साठ जनुके आहेत. त्यांचा शोध १९९५ साली लागला. त्यांतही एका वेळी एकच उघडे असते. बाकीची जनुके घट्ट गुंडाळी करून, कुलूपबंद कपाटात ठेवल्याप्रमाणे मिटलेली असतात. शरीराने एका प्रथिनाची ओळख पटवली, की तोवर दुसरे जनुक उघडलेले काही परजीवी पुढची फळी उभारतात.

येथे एक भेद सांगणे आवश्यक आहे. व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटतो, त्याचे मुख्य कारण यकृतात सुप्त राहिलेले परजीवी होत. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्या लागतात. ताप तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच उतरतो. म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहतात आणि रोग परत येतो. कारण वेगळे असले, तरी शिकवण एकच आहे.

वेष्टन न पाहणारे संरक्षण

आता सिंदेवाहीच्या रुग्णाकडे पुन्हा वळू. सर्राचा परजीवी भारतभर गुरांमध्ये आढळतो. मग तो इतर माणसांना का होत नाही? त्या रुग्णाच्या परिसरात १८०६ लोकांचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी ४१० जणांच्या, म्हणजे जवळजवळ तेवीस टक्के लोकांच्या चाचणीत या परजीवीशी गाठ पडल्याच्या खुणा दिसल्या. परंतु एकाच्याही रक्तात परजीवी सापडला नाही. माणसाच्या रक्तात त्याला थोपवणारे काहीतरी आहे, हे यावरून दिसत होते.

ते ‘काहीतरी’ म्हणजे माणसाच्या रक्तातील एपीओएल-१ नावाचे प्रथिन. परजीवी आपले अन्न म्हणून रक्तातील काही कण आत घेतो. त्यांबरोबर हे प्रथिनही आत जाते आणि त्याच्या अंतर्भागातील पडद्यांना छिद्रे पाडते. बाहेरचे आवरण कोणते आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. परजीवीने हजार वेष्टने बदलली, तरी तो अन्न घेणारच, आणि अन्नाबरोबर हे प्रथिनही. ब्रसेल्स येथील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले, की सिंदेवाहीच्या रुग्णाच्या रक्तात हे प्रथिन मुळीच नव्हते. आई आणि वडील यांच्याकडून मिळालेल्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात हे प्रथिन बाहेरून मिसळले, तेव्हा परजीवी मरू लागले. पुढे व्हिएतनाममध्ये हे प्रथिन शाबूत असलेल्या एका स्त्रीलाही या परजीवीची बाधा झाल्याचे आढळले. म्हणजे हा तट भक्कम असला, तरी अभेद्य नाही.

शिस्त मोडण्याचा उपाय

आवरण बदलणाऱ्या रोगांवर लस बनवणे किती अवघड, हे आता सांगावयास नको. सर्रावर आजही लस नाही. एका वेष्टनाविरुद्ध केलेली लस दुसऱ्या वेष्टनापुढे निरुपयोगी ठरते. तरीही संशोधकांनी दोन मार्ग शोधले आहेत, आणि दोन्ही वरील विवेचनातूनच निघतात.

पहिला मार्ग असा, की परजीवीने वेष्टने बदलण्यास आरंभ करण्यापूर्वीच त्याला गाठायचे. डास चावल्यावर मलेरियाचा परजीवी प्रथम यकृतात जातो आणि नंतर रक्तात उतरतो. डासाकडून येताना त्याच्या अंगावर जे प्रथिन असते, ते तांबड्या पेशीवरील प्रथिनांप्रमाणे एकामागून एक बदलले जात नाही. त्याच प्रथिनावर रोखलेली आर-२१ ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिचे उत्पादन हाती घेतले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियाग्रस्त भागांतील बालकांसाठी तिची शिफारस केली. आफ्रिकेतील बालकांना दिल्या जाणाऱ्या या लसीच्या कुप्या पुण्यातून जातात, ही महाराष्ट्राला समाधान देणारी गोष्ट आहे.

दुसरा मार्ग अधिक नवलाचा आहे, आणि त्याचा संबंध प्रत्येक घरातील पाण्याच्या हंड्याशी आहे. दूषित पाण्यातून पोटात जाणारा जिआर्डिया नावाचा परजीवी आतड्याच्या आतील बाजूस चिकटून राहतो. दुर्गंधीयुक्त, तेलकट जुलाब, पोटफुगी आणि मुलांचे वजन न वाढणे ही त्याची लक्षणे. त्याच्याजवळ आवरणाची सुमारे दोनशे जनुके आहेत. गंमत अशी, की तो यांपैकी बहुतेक जनुकांचे संदेश एकाच वेळी लिहितो आणि एक सोडून बाकीचे सारे संदेश प्रथिने बनण्यापूर्वीच कापून टाकतो. दोनशे पत्रे लिहून एकच टपालात टाकावे, तसा हा प्रकार. अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील ह्यूगो लुहान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ही यंत्रणा उलगडून दाखवली.

मग त्यांनी ती कापणारी यंत्रणाच बंद पाडली. परिणामी परजीवीच्या अंगावर अनेक वेष्टने एकदम दिसू लागली. गोदाम उघडे पडले. अशा परजीवींच्या किंवा त्यांच्यापासून मिळवलेल्या प्रथिनांच्या साह्याने उंदरासारख्या छोट्या प्राण्यांचे लसीकरण केले, तेव्हा त्यांना पुढील बाधेपासून संरक्षण मिळाले. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. परजीवीचे बळ त्याच्या शिस्तीत आहे आणि ती मोडली तर तो दुबळा होतो, या विचाराला मिळालेली ही प्रत्यक्ष साक्ष होय.

घरासाठी आणि गोठ्यासाठी

जिआर्डियाचा विषय निघाला, म्हणून पाण्याचा उल्लेख करणे योग्य होईल. जैन घरांमध्ये पाणी गाळून व उकळून पिण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाण्यातून पसरणारे जिआर्डियाचे कोष मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असतात. कापडाच्या गाळणीतून ते आरपार जातात, क्लोरिनलाही ते सहजी दाद देत नाहीत. पाणी खळखळून उकळले मात्र, की ते नष्ट होतात. घरात गाळणे टिकले आहे आणि उकळणे मागे पडले आहे, असे असेल, तर त्याचा पुनर्विचार करावा. प्रवासात बाटलीतील पाणी संपले, की वाटेल तेथील पाणी घेणाऱ्या मुलांना याचे कारण समजावून सांगितले, तर ती रीत केवळ वडीलधाऱ्यांच्या आग्रहावर अवलंबून राहणार नाही.

तापाच्या बाबतीत तीन गोष्टी पाळाव्यात. पुन्हा पुन्हा उलटणारा ताप हा प्रत्येक वेळी नवा ताप मानू नये. मागील तापांच्या तारखा लिहून ठेवून त्या डॉक्टरांना दाखवाव्यात. रॉस यांचे कोडे नोंदींमुळेच सुटले, हे विसरू नये. दुसरे, रक्ताचा एक अहवाल निर्दोष आला, म्हणून शंका संपली असे समजू नये. लाट ओसरलेली असताना परजीवी इतके थोडे असतात, की काचेवर दिसत नाहीत. डॉक्टरांनी ताप असताना पुन्हा रक्त देण्यास सांगितले, तर ते द्यावे. तिसरे, औषधाचा पूर्ण क्रम संपवावा.

ज्या कुटुंबांचे हात पांजरपोळ किंवा गोशाळा चालवण्यात आहेत, त्यांच्यासाठी सर्राची माहिती अधिक महत्त्वाची आहे. तेथे गावोगावची थकलेली, अशक्त जनावरे एका छपराखाली येतात. नेमक्या अशाच जनावरांमध्ये दबलेला सर्रा उफाळतो. नवे जनावर आले, की काही दिवस ते इतरांपासून अंतरावर बांधावे आणि पशुवैद्यांकडून त्याचे रक्त तपासून घ्यावे. ताप असलेले जनावर कळपातून वेगळे केले, तर माशीला अर्धे राहिलेले पोट भरण्यास शेजारी दुसरे जनावर मिळत नाही. टोचणीची एकच सुई अनेक जनावरांना वापरू नये. ती माशीचेच काम करते. शेण आणि कुजका, ओला चारा वेळच्या वेळी दूर न्यावा, कारण चावणाऱ्या गोठ्यातील माश्या त्यातच वाढतात. हा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि त्यात कोणत्याही जीवाला इजा करावी लागत नाही.

मुके जनावर ताप उतरल्याचे सांगत नाही, की पुन्हा चढल्याचेही सांगत नाही. ते चार दिवस चारा सोडते, मग खाऊ लागते आणि पाहणाऱ्याला हायसे वाटते. पांजरपोळीच्या नोंदवहीत आवक-जावक आणि देणग्यांबरोबर प्रत्येक जनावराच्या आजाराच्या तारखांसाठी एक रकाना आखला, तर दुसरी लाट येईल तेव्हा ती दुसरी आहे, हे पशुवैद्यांना त्या रकान्यावरून कळेल. चार महिन्यांचा आजार तेथे चार ओळींत दिसेल, आणि औषध वेळेवर सुरू होईल.